भूगोल नव्याने शिकताय? आधी एक प्रदेश निवडा

भूगोलाच्या अभ्यासाला नव्याने लागलेली मुलं मला हमखास एक प्रश्न विचारतात: सुरुवात प्राकृतिक भूगोलापासून करू की मानवी भूगोलापासून? पेपर वेगळे, पुस्तकं वेगळी, शिकवणारे वेगळे, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. माझं उत्तर मात्र बरीच वर्षं तेच आहे. दोन्हींपासून नको, एखाद्या प्रदेशापासून करा. जगाच्या नकाशावरचा एक तुकडा निवडा आणि तिथली जमीन, हवा, पाणी, माणसं, पैसा आणि सत्ता एकमेकांत कशी गुंतली आहेत हे कळेपर्यंत तो सोडू नका. मी विषय शिकले तो असा, आणि नंतर नकाशे तयार करण्याच्या कामात जे उपयोगी पडलं तेही हेच.

माझा पहिला प्रदेश होता अटाकामा, म्हणजे चिलीच्या उत्तरेचं वाळवंट. ते निवडण्याचं कारण एवढंच की पॅसिफिकसारख्या महासागराला खेटून वाळवंट कसं, हे मला सुटत नव्हतं. उत्तर तीन ठिकाणी सापडतं. किनाऱ्यालगत दक्षिणेकडून थंड हंबोल्ट प्रवाह येतो. त्याच्यावरची हवा खाली थंड आणि वर उबदार अशी राहते, वर चढत नाही, त्यामुळे धुकं पडतं पण पाऊस पडत नाही. पूर्वेला अँडीज पर्वत उभा असल्याने ॲमेझॉनकडून येणारं बाष्प पलीकडेच अडतं. आणि हा भाग उपोष्ण जास्त दाबाच्या पट्ट्यात येतो, जिथे हवा मुळातच खाली उतरत असते. एकाच जागी तीन कारणं एकमेकांवर चढली म्हणून अटाकामा इतकं कोरडं.

पुस्तकातला धडा इथे संपतो. खरी मजा इथून पुढे आहे. पाऊस नाही म्हणून पाण्यात सहज विरघळणारे नायट्रेटचे क्षार तिथे धुऊन गेले नाहीत, जमिनीत साठून राहिले. एकोणिसाव्या शतकात युरोपला खतासाठी आणि स्फोटकांसाठी नायट्रेट हवं होतं. ज्या जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं, तिच्या सीमेवरून अचानक भांडणं सुरू झाली. बोलिव्हियाने तेव्हा आपल्या ताब्यात असलेल्या अँटोफागास्तातल्या नायट्रेटच्या निर्यातीवर कर लावला, चिलीने विरोध केला आणि १८७९ मध्ये युद्ध पेटलं. त्यात बोलिव्हियाच्या बाजूने उतरलेल्या पेरूने तारापाका प्रांत गमावला आणि बोलिव्हियाने आपला सगळा समुद्रकिनारा. पुढे जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची हेबर-बॉश पद्धत आली, १९१३ मध्ये तिचा कारखाना सुरू झाला, आणि पहिल्या महायुद्धानंतर अटाकामातला धंदा हळूहळू बसला. हंबरस्टोनसारखी खाणकामगारांची गावं ओस पडली. त्याच कोरड्या हवेत घरं, नाटकगृह, यंत्रं टिकून राहिली, आणि २००५ मध्ये युनेस्कोने हंबरस्टोनला जागतिक वारसास्थळ केलं.

गोष्ट अजून चालूच आहे. बोलिव्हिया आजही २३ मार्चला समुद्रदिन पाळतो, किनारा नसतानाही नौदल बाळगतो, आणि समुद्रापर्यंतच्या वाटेसाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. २०१८ मध्ये निकाल त्याच्या विरोधात लागला. इकडे अटाकामाच्या मिठागरात आता लिथियम काढलं जातं, आणि सुमारे ५,००० मीटर उंचीच्या पठारावर आल्मा ही रेडिओ दुर्बीण बसवली आहे, कारण तिथल्या हवेत बाष्प फार कमी. थंड प्रवाहापासून निघून हेगच्या कोर्टात पोचणारी ही वाट एकदा स्वतः चालून पाहिली की पेपर पहिला आणि पेपर दुसरा यांतली भिंत मनातून आपोआप जाते. तुम्ही अटाकामाच घ्या असं नाही. आइसलँड घ्या, मेकाँगचा त्रिभुज प्रदेश घ्या, सहाराच्या दक्षिण कडेचा साहेल पट्टा घ्या. फक्त ‘हे इथेच का?’ हा प्रश्न एका उत्तरावर थांबू देऊ नका.

आता एक सावधगिरी, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. असा धागा ओढायची सवय लागली की सगळं निसर्गानेच ठरवलं असं वाटू लागतं. या विषयाच्या इतिहासात हे मोठ्या प्रमाणावर झालं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एलन सेंपल, एल्सवर्थ हंटिंग्टन यांच्यासारख्या अभ्यासकांनी हवामान आणि भूरचना यांवरून माणसांची प्रगती, अगदी स्वभावसुद्धा ठरवायला घेतला. हा निश्चयवाद वसाहतींवर राज्य करणाऱ्यांच्या सोयीचा होता, आणि त्याने माणसांचं खरंखुरं नुकसान केलं. फ्रान्समध्ये विदाल द ला ब्लाश यांनी वेगळी मांडणी केली: निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, निवड माणूस करतो. परीक्षेत यावर निश्चयवाद विरुद्ध संभववाद असा पाच गुणांचा प्रश्न येतो आणि मुलं तो पाठ करून मोकळी होतात. तसं करू नका. नेदरलँड्स उघडून बसा.

त्या देशाची सुमारे एक चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. म्हणजे पाणी कायम दाराशी. पण पाण्याने काय होणार हे पाण्याने एकट्याने ठरवलं नाही. तेराव्या शतकापासून तिथे बांध आणि कालवे सांभाळणारी जलमंडळं आहेत, आणि ती आजही निवडून दिली जातात. बांध फुटला तर शेजाऱ्याचंही शेत जाणार, म्हणून सगळ्यांनी वर्गणी आणि श्रम द्यायचे, असा तो व्यवहार. तरीही १९५३ मध्ये ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीच्या मधल्या रात्री उत्तर समुद्राचं वादळी पाणी आत शिरलं आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं दगावली. त्यातून समुद्राचं पाणी अडवणारा बांधांचा डेल्टा प्रकल्प उभा राहिला. सखल जमीन जगात इतरत्रही आहे. तिथे असे बांध का झाले नाहीत, याचं उत्तर भूरचनेत सापडणार नाही. ते पैसा, सत्ता आणि इतिहासात शोधावं लागतं.

दुसरं उदाहरण मला याहून आवडतं. जगातल्या अनेक शहरांत श्रीमंत माणसं टेकडीवर राहतात: हवा छान, दृश्य छान, खालची गर्दी लांब. बोलिव्हियाच्या ला पाझमध्ये नेमकं उलट आहे. शहर एका खोल दरीत वसलेलं. वरच्या पठारावर, ४,००० मीटरच्या वर, एल आल्तो हे कष्टकऱ्यांचं शहर, आणि श्रीमंत वस्ती तळाशी, सुमारे ३,३०० मीटरवर. तिथे हवा उबदार, वारा कमी, श्वास घ्यायला सोपं. उंचीनुसार तापमान उतरतं, हा नियम टेकडीवाल्या शहरांत आणि ला पाझमध्ये एकच आहे. एका ठिकाणी उंची ही चैन होते, दुसऱ्या ठिकाणी तीच शिक्षा होते. २०१४ पासून दोन्हींना जोडणारी केबल कार सुरू झाली, आणि रोज कामासाठी खाली उतरणाऱ्यांचा वेळ वाचू लागला. वाहतूक भूगोलही याच चित्रात येऊन बसतो.

नकाशाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नवे विद्यार्थी इथेच घाई करतात. संगणकाला हात लावण्याआधी समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, एक स्थलनिर्देशक नकाशा घ्या आणि त्यावर ट्रेसिंग पेपर टाकून पेन्सिलने पाणलोट काढा, म्हणजे ज्या जमिनीवरचं पाणी एकाच नदीत जातं तो भाग. रेषा दाट झाल्या तिथे उतार तीव्र, विरळ झाल्या तिथे सौम्य, हे सगळ्यांना माहीत असतं. पण रेषा जिथे व्हीसारख्या वळतात तिथे थांबा. व्हीचं टोक उंचीकडे असेल तर ती दरी, सखल भागाकडे असेल तर ती डोंगराची सोंड. सोंडेसोंडेवरून पेन्सिल नेत गेलात की दोन नद्यांची खोरी वेगळी करणारी रेषा स्वतःच उभी राहते. हे काम संगणक काही सेकंदांत करतो. पण हाताने केलेलं असलं तर संगणकाने चुकीच्या जागी वळवलेला ओढा तुमच्या नजरेला लगेच खटकतो.

मग प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची रीत. नकाशाकार मर्केटरच्या १५६९ च्या नकाशावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे चौदा पट मोठी. यावरून मर्केटरला दोष देण्याची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. त्याने तो नकाशा खलाशांसाठी केला होता, एकाच दिशेने धरलेला जहाजाचा मार्ग त्यावर सरळ रेषेत काढता यावा म्हणून, आणि त्या कामाला तो उत्तम आहे. लोकसंख्या किंवा जंगलं दाखवायला तो घेतला तर दोष घेणाऱ्याचा. कोणताही नकाशा हातात आला की तो कोणत्या कामासाठी केला आहे, हे आधी बघा.

सरासरीचंही तेच. इजिप्तची लोकसंख्येची घनता म्हणून एक आकडा मिळतो, पण त्या देशाच्या साधारण १० लाख चौरस किलोमीटरपैकी जेमतेम ५ टक्के जमिनीवर, नाईलच्या काठाने आणि तिच्या त्रिभुज प्रदेशात, जवळपास सगळे लोक राहतात. देशाच्या सरासरी घनतेने राहणारा माणूस तिथे शोधून सापडणार नाही.

उपग्रह प्रतिमांची गोडी लागायची असेल तर मध्य आशियातल्या अरल समुद्रापासून सुरुवात करा. लँडसॅट या अमेरिकी उपग्रह मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये गेला, आणि २००८ पासून तो सगळा संग्रह फुकट आहे. अरलचं क्षेत्र १९६० मध्ये सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर होतं. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं गेलं आणि समुद्र आटत गेला. मुयनाक हे मासेमारीचं बंदर पाण्यापासून कित्येक किलोमीटर लांब पडलं, बोटी वाळूत राहिल्या, आणि उघड्या पडलेल्या तळाची खारी, कीटकनाशकं मिसळलेली धूळ माणसांच्या छातीत जाऊ लागली. दर दहा वर्षांची एक प्रतिमा घेऊन किनारा स्वतः काढून बघा. आणि उत्तरेकडचा तुकडा वगळू नका: २००५ मध्ये कझाकस्तानने कोक-अराल धरण पूर्ण केल्यावर तिथलं पाणी वाढलं, मासे परतले. शोकांतिका म्हणून शिकवलेल्या प्रदेशात सुधारणाही नोंदवता आली पाहिजे.

पण प्रतिमेला सगळं दिसत नाही. पुराच्या नकाशांवर काम करताना हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पुराच्या दिवसांत आकाश ढगांनी भरलेलं, त्यामुळे साध्या प्रतिमा निकामी. रडार ढगांतून पाहतं, पण दाट वस्तीत आणि झाडांखाली साचलेलं पाणी त्याला नीट सापडत नाही. म्हणजे माणसं जिथे राहतात तिथेच नकाशा कच्चा. मग तिथे जाऊन विचारावं लागतं. ‘पाणी किती आलं होतं?’ असं विचारलं की लोक ‘खूप’ म्हणतात. ‘कुठवर आलं होतं, दाखवता का?’ असं विचारलं की कोणी खिडकीच्या चौकटीवर बोट ठेवतं, कोणी कपाटाची फुगलेली फळी दाखवतं. तिथे टेप लावायचा, जमिनीपासूनची उंची लिहायची, आणि शेजारच्या घरात पहिल्या घराचा आकडा न सांगता तोच प्रश्न विचारायचा. बायकांशी स्वतंत्रपणे बोला. धान्य कधी वर उचललं, मुलांना कधी बाहेर काढलं, हे त्यांना वेळेसकट आठवतं, आणि पाणी किती वेगाने चढलं याचा अंदाज त्यावरूनच येतो. क्षेत्रभेटीत मी जे शिकले त्यातलं सर्वांत मौल्यवान हेच.

सिद्धांतांचा बाऊ करू नका. क्योपेनचं हवामान वर्गीकरण, रेव्हनस्टाइनचे स्थलांतराचे नियम, ख्रिस्टालरचा गावं-शहरं कुठे आणि किती अंतरावर वसतात हे सांगणारा मध्यवर्ती स्थान सिद्धांत हे वाचावे लागतीलच. प्रत्येक सिद्धांत तुमच्या निवडलेल्या प्रदेशावर ठेवून बघा. कुठे बसतो, कुठे फाटतो, ते वहीत लिहा. फाटतो तिथे बहुधा एखादी सीमा, एखादा महामार्ग किंवा एखादा सरकारी निर्णय असतो.

नोकरीचं विचाराल तर आज बहुतेक दारं जीआयएसमधून, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांच्यामागची माहिती हाताळण्याच्या कामातून, उघडतात: नगररचना, आपत्ती व्यवस्थापन, पाणी, विमा, आरोग्य. त्यासाठीचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि शिकायला पुरेसं आहे. अनुभव कुठून आणायचा, ही अडचणही सोडवता येते. २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या नकाशावर राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते आणि इमारती घरबसल्या काढल्या, आणि मदत पथकांनी तो नकाशा वापरला. तशी कामं आजही सतत चालू असतात. नवख्यांनाही घेतात, आणि तुम्ही काढलेलं अनुभवी माणसं तपासून चुका दाखवतात. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या जाडजूड फाइलपेक्षा स्वतः केलेला एक नकाशा न्या. त्यावर प्रतिमेची तारीख, नकाशाचं प्रमाण आणि माहितीचा स्रोत लिहा, आणि कोपऱ्यात नकाशातल्या कोणत्या भागावर विसंबू नये तेही लिहा. मी उमेदवारांचे नकाशे बघते तेव्हा नजर आधी त्या कोपऱ्याकडे जाते.