जुना गेमिंग संगणक अपग्रेड करावा का, हे कसे ठरवावे

नवा गेम अडखळू लागला की बहुतेकांच्या मनात आधी नवे ग्राफिक्स कार्ड येते. पुष्कळदा ते बरोबरही असते. तरीही नेमका कोणता भाग कमी पडतो आहे हे मोजण्याआधी खरेदी करू नये, कारण दोष प्रोसेसरचा असेल तर महागडे कार्ड बसवूनही गेम होता तसाच अडखळत राहतो.

सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रे, हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसर फ्रेमची तयारी करतो, ग्राफिक्स कार्ड ती रंगवते, आणि दोघांपैकी ज्याला जास्त वेळ लागतो त्याच्याच गतीने गेम चालतो. हा हळू भाग शोधण्यासाठी आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर यांसारखी साधने वापरून कार्डाचा वापर, त्याची मेमरी, तापमान आणि प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ हे आकडे पडद्यावर आणावेत, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या गतीशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमवरची मर्यादा बंद करावी, आणि जो गेम खरोखर त्रास देतो त्यातल्याच सर्वांत गर्दीच्या प्रसंगात पाच-दहा मिनिटे खेळावे.

कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडचण कार्डाची आहे. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तरीही फ्रेम कमी असतील, तर बहुधा प्रोसेसर मागे पडतो आहे. इथे अनेकांची फसगत होते: प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्केच दिसतो, म्हणून त्याला निर्दोष मानले जाते. प्रत्यक्षात गेमचे मुख्य काम प्रोसेसरच्या एक-दोन कोअरवर (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांवर) एकवटलेले असते, आणि आठ कोअरच्या सरासरीत त्या कोअरची दमछाक लपून जाते. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन १४४०पी वरून ७२०पी वर आणून पाहावे. फ्रेम झपाट्याने वाढल्या तर कार्ड कमी पडत होते. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर.

सरासरी चांगली असूनही मध्येच झटके बसत असतील, तर प्रश्न वेगळा आहे. अशा वेळी कार्डाची मेमरी किंवा रॅम काठोकाठ भरली आहे का, आणि गेम अजून फिरत्या हार्ड डिस्कवर आहे का, ते पाहावे. एसएसडी बसवणे आणि ८ जीबीची रॅम १६ जीबी करणे या सुधारणांसाठी फार विचार करावा लागत नाही.

पैसे खर्च करण्याआधी फुकटातले उपाय मात्र संपवावेत. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, बंद राहिले असेल, तर ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम वर्षानुवर्षे २१३३ किंवा २४०० वर चालत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. रॅमची एकच पट्टी असेल तर मेमरीची निम्मी रुंदी वाया जाते. दोन असतील तर त्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जोडीच्या खाचांतच हव्यात. कॅबिनेट उघडून प्रोसेसरच्या पंख्याखाली पाहावे. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असेल, तर पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने तो काढावा, आणि थर्मल पेस्ट वाळून भुगा झाली असेल तर नवी लावावी. गरम झालेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि आपण त्याला म्हातारा समजतो.

प्रोसेसर बदलायचा ठरला तर सगळे मदरबोर्डवर येऊन थांबते. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसवण्याच्या जागेचा) २०१७ मधला बोर्ड असेल, तर उत्पादकाने आधार दिला असल्यास बायोस अद्ययावत करून त्यावर रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५८००एक्स३डी बसू शकतो, आणि माझ्या मते जुन्या संगणकाला याहून चांगले नवे आयुष्य क्वचितच मिळते. जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच बायोस अद्ययावत करावा. इंटेलच्या बाबतीत सॉकेटच्या नावावर विसंबू नये: सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांचे नाव एलजीए११५१ असले, तरी त्याच नावाच्या सॉकेटचे आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर त्यांवर अधिकृतपणे चालत नाहीत. चौथ्या पिढीचा संगणक असेल तर बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम तिन्ही एकदमच बदलावे लागतात. त्याला मी अपग्रेड म्हणणार नाही, तो नवा संगणकच झाला.

कार्ड घेताना पॉवर सप्लायची क्षमता आणि वय, कॅबिनेटमधली मोकळी लांबी आणि वीजजोडण्या तपासाव्यात. कार्ड बसते त्या बोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेतून कमाल ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. जुन्या बोर्डवर या खाचेची ३.० ही जुनी आवृत्ती असेल तर कमी लेनचे (माहिती वाहून नेणाऱ्या मार्गिकांचे) कार्ड टाळावे. आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन असल्यामुळे अशा बोर्डवर त्याचा वेग स्पष्टपणे घटतो.

काही अडथळे मात्र वेगाचे नसतातच. २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ या गेमना हार्डवेअर रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करण्याची कार्डातली खास सोय, अनिवार्य आहे, त्यामुळे ११ जीबी मेमरी असलेले जीटीएक्स १०८० टीआयही तिथे निरुपयोगी ठरते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० या सुरक्षा-चिपेसोबत साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका, अथवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो.

एक भाग बदलून काम भागत असेल तर अपग्रेड करावे. बोर्डासह तीन-चार भाग बदलावे लागत असतील, तर जुन्या संगणकात आणखी काही न घालता नव्याची तयारी करावी. निर्णय होत नसेल तर पुढच्या संगणकात नेता येईल असाच भाग घ्यावा: एसएसडी, चांगला पॉवर सप्लाय, कार्ड किंवा मॉनिटर. डीडीआर३ रॅम किंवा जुन्या सॉकेटचा सर्वांत मोठा प्रोसेसर पुढे कुठेच जात नाही. आणि आपले आवडते गेम सावल्यांची सेटिंग एक पायरी खाली आणून सुरळीत चालत असतील, तर काहीही घेऊ नये.

नवा भाग बसवल्यावर त्याच गेममध्ये, त्याच ठिकाणी पुन्हा मोजावे. नव्या कार्डाचा वापर आता ६५ टक्क्यांवर थांबत असेल, तर मर्यादा प्रोसेसरकडे सरकली आहे. अशा वेळी रिझोल्यूशन आणि टेक्स्चर वाढवावेत, कारण कार्डाची ती उरलेली ताकद वापरली तरी फ्रेम फारशा कमी होत नाहीत.