जंगल आणि जुन्या वास्तूंमधून अर्ध्या दिवसाची निवांत सायकलफेरी: आखायची कशी, करायची कशी

सायकलफेरी आखताना बहुतेक जण आधी किलोमीटर ठरवतात. माझं म्हणणं, आधी थांबे ठरवा. झाडीतला रस्ता आणि वाटेवरच्या जुन्या वास्तू मनासारख्या बघायच्या असतील, तर सायकलवरून उतरून घालवायचा वेळ आधी बाजूला काढून ठेवावा लागतो. उरलेल्या वेळात जेवढं अंतर बसेल तेवढंच धरायचं.

थांबे आणि वेळेचा हिशेब

अर्ध्या दिवसात दोन मोठ्या वास्तू पुरे झाल्या. त्यांच्या जोडीला वाटेवरचा एखादा जुना दगडी पूल, पडकी वेस किंवा मैलाचा दगड चालेल. तिसरी मोठी वास्तू घुसवली की पहिल्या दोन धड बघून होत नाहीत. वास्तू कोणत्या वारी बंद असते, शेवटचा प्रवेश किती वाजता असतो आणि सायकल कुठे लावता येते, एवढं आधी पाहून घ्या.

आता हिशेब. समजा फेरी २८ किलोमीटरची आहे: १८ डांबरी, १० कच्चा. निवांत चालवणाऱ्याचा वेग डांबरीवर ताशी १४ आणि जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर ताशी ९ किलोमीटर धरला, तर चालवण्याचे झाले जवळजवळ अडीच तास. दोन वास्तूंना प्रत्येकी ४० मिनिटं, एक विसावा २० मिनिटांचा, आणि पंक्चर किंवा चुकलेल्या फाट्यासाठी अर्धा तास हाताशी. झाले साडेचार तास. अर्धा दिवस म्हणजे एवढाच. नवीन माणूस सोबत असेल तर अंतर २० वर आणा, पण थांबे कापू नका.

नकाशावर रस्ता शोधणं

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या मोफत ऑनलाइन नकाशात, कच्च्या रस्त्यांना १ ते ५ अशी प्रतवारी देण्याची सोय आहे: १ म्हणजे घट्ट, पक्क्यासारखा, ५ म्हणजे मऊ माती आणि गवत. निवांत फेरीसाठी ३ पर्यंतचे रस्ते घ्या. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे एकमेकींना चिकटलेल्या दिसतील तिथे चढ उभा. १ किलोमीटरमध्ये ५० मीटर चढ म्हणजे ५ टक्के. एवढा चढ सवय नसलेल्यालाही हलक्या गिअरवर जमतो. पूर्ण फेरीत मिळून ३०० मीटरच्या आत राहिलात तर पाय कुरकुरणार नाहीत.

दाट झाडीत मात्र ॲपने दाखवलेल्या चढाच्या आकड्यावर फार विसंबू नका. उंचीच्या अनेक मोफत नकाशांमागे २००० साली एंडेव्हर अंतराळयानाने रडारने केलेली मोजणी आहे, आणि रडारला जंगलात पुष्कळदा जमिनीऐवजी झाडांचा शेंडा-फांद्यांचा थर लागतो. त्यामुळे सपाट वाटही कागदावर खालीवर होताना दिसते.

बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची किंवा कालव्याच्या काठाची वाट मिळाली तर ती आधी घ्या. रेल्वेचा चढ सहसा २-३ टक्क्यांच्या पुढे जात नाही आणि कालव्याचा काठ जवळजवळ सपाट असतो. अशा वाटांवर जुने पूल आणि दगडी कमानीही बऱ्याचदा भेटतात. संरक्षित जंगलात सायकलला परवानगी आहे का, कोणत्या वाटांवर आणि किती वाजेपर्यंत, हे तिथल्या वनखात्याच्या नियमांत बघा. मार्गाची जीपीएक्स फाइल (ॲपला वाट दाखवता येईल अशी मार्गाची नोंद) आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. झाडीत नेटवर्क जातं. फेरीच्या मध्यावरून थेट परतीचा एक जवळचा रस्ता हेरून ठेवा.

फेरी कोणत्या दिशेने करायची

हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा हाच वाटतो. तोच रस्ता एका दिशेने सुखाचा आणि उलट दिशेने दमवणारा असू शकतो.

पहिला निकष चढाचा. मोठा चढ पहिल्या अर्ध्यात यायला हवा, पाय ताजे आणि ऊन कोवळं असताना. दुसरा वाऱ्याचा. तुम्ही ताशी १५ ने चालवताय आणि समोरून ताशी १५ चाच वारा आहे, तर हवेचा विरोध वारा नसतानाच्या चौपट होतो. म्हणून जाताना वारा तोंडावर घ्या, येताना तो पाठीशी असू द्या. तिसरा निकष रहदारीचा: वाहनं डावीकडून चालतात तिथे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरलं की बहुतेक वळणं डावीकडे येतात आणि समोरून येणाऱ्या गाड्यांना आडवं जावं लागत नाही. उजवीकडून चालतात तिथे याच्या नेमकं उलट.

चौथा निकष उन्हाचा, आणि माझ्या जिव्हाळ्याचा. झिजलेला शिलालेख किंवा उथळ कोरीवकाम भर दुपारी सपाट दगडासारखं दिसतं. ऊन भिंतीला घासून तिरपं पडतं तेव्हा प्रत्येक खाचेला बारीक सावली येते आणि अक्षरं उठून दिसतात. पूर्वेकडच्या भिंतीवर लेख असेल तर त्या कडेला ऊन कधी घासून जातं ते बघून थांबा लावा. निकषांची ओढाताण झाली तर मी चढ आणि वारा आधी बघतो, मग ऊन. तिरपं ऊन नसेल तर सोबतीला सावली धरायला सांगून बाजूने टॉर्च मारला तरी काम होतं. लेखावर खडू, पाणी किंवा पीठ मात्र लावू नका.

सायकल तयार करणं

सीटची उंची बघण्याची साधी रीत: पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप येतो. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद असेल तर डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला बरा. हवेची मर्यादा टायरच्या कडेवर लिहिलेली असते. कच्च्या रस्त्यासाठी नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा जास्त. ब्रेक तपासा, साखळीला तेल द्या, तासाला अर्धा लिटर या हिशेबाने पाणी घ्या.

जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप सोबत हवेतच. टायर बसवताना त्यावरचं नाव वॉल्व्हसमोर आणून ठेवा. पंक्चर झालं की ट्यूबमध्ये हवा भरून भोक वॉल्व्हपासून किती लांब आहे ते बघायचं. तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये काटा अडकलेला असतो. ट्यूब कोणत्या बाजूने काढली ते लक्षात नसेल तर नावाच्या दोन्ही बाजूंना तपासा. काटा न काढता नवी ट्यूब घातली तर तीही दहा मिनिटांत बसते.

झाडीतून चालवताना

ऊन-सावलीच्या कवडशांत खड्डे लपतात. उन्हातून एकदम गर्द सावलीत शिरताना डोळे सरावेपर्यंत वेग कमी ठेवा. ओल्या मुळ्या फार निसरड्या असतात. त्या शक्यतो काटकोनात ओलांडा आणि त्यावर असताना ब्रेक लावू नका. खडीच्या वळणाचंही तसंच: ब्रेक वळणाआधी. उतारावर दोन्ही पेडल समान उंचीवर, कोपर सैल, बूड सीटवरून जरा उचललेलं. सायकल खाली हलेल, हलू द्या. पायी चालणारे दिसले की लांबूनच घंटी, घोडा दिसला तर थांबून वाट द्या.

वास्तूपाशी

सायकल जुन्या भिंतीला टेकवू नका. हँडलच्या टोकाने चुन्याचा गिलावा खरवडला जातो. आत शिरण्याआधी बाहेरून एक चक्कर मारा. भिंतीत उभी सरळ भेग-रेघ दिसली, जिथे दोन्हीकडचे दगड एकमेकांत गुंतलेले नाहीत, तर ती बहुधा दोन वेगवेगळ्या काळांच्या बांधकामांचा सांधा असते. ठरावीक अंतरावर चौकोनी भोकांच्या रांगा दिसल्या तर तिथे बांधताना परांचीच्या लाकडी वाशांची टोकं खोचलेली असायची. एवढं ओळखता आलं की माहितीफलक नसलेली पडकी भिंतही अर्धा तास गुंतवून ठेवते.

घरी आल्यावर

चाकांना चिखल लागला असेल तर त्याच दिवशी साखळी पुसून तेल द्या. मग नकाशा उघडा. जिथे फाटा चुकला तिथे खूण करा, आणि ओपनस्ट्रीटमॅपवर एखादी वाट चुकीच्या प्रतवारीने नोंदलेली आढळली असेल तर खातं उघडून ती दुरुस्त करा. बदल कुणालाही करता येतो.