पहिली हॉट रॉड बांधताय? इंजिन शेवटी आणा आणि या चुका टाळा

गॅरेजमध्ये जुनी फोर्ड येऊन उभी राहिली की पहिल्याच शनिवारी माणूस पान्यांचा डबा उघडतो आणि गाडी खोलायला बसतो. मीही बसलो. १९३० सालची मॉडेल ए, दोन दारांची, फरशीच्या पत्र्याची चाळण झालेली. संध्याकाळपर्यंत फेंडर (चाकांवरचे पत्रे) एका कोपऱ्यात, दारं भिंतीला टेकवलेली, आणि सगळे नट-बोल्ट कॉफीच्या तीन डब्यांत एकत्र. सांगलीला धाकट्या भावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "दादा, गाडी घेतलीस की भंगार?"

पुढची चार वर्षं मी त्या एका संध्याकाळचा हिशोब चुकता करत होतो.

हॉट रॉड, म्हणजे हलकी करून जोरदार इंजिन घातलेली जुनी गाडी, हे मुळात कॅलिफोर्नियातल्या पोरांचं वेड. महायुद्धाच्या आगेमागे ही मुलं जुन्या फोर्ड स्वस्तात उचलत, फेंडर काढून वजन उतरवत, इंजिनावर हात चालवत आणि म्युरॉक, एल मिराज इथल्या आटलेल्या तळ्यांवर गाडी पळवत. १९३२ साली फोर्डने सामान्यांच्या गाडीत ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, बसवलं आणि या वेडाला चांगलंच खतपाणी मिळालं. पण तळ्यावर समोर मैलोगणती सपाट जमीन असायची. ब्रेक कच्चे असले तरी गाडी कुठेतरी थांबायचीच. इथे अमेरिकेतल्या रस्त्यावर आपल्यापुढे शाळेची पिवळी बस असते.

नवशिक्याचा सगळा जीव इंजिनात अडकलेला असतो. खरं तर या सगळ्या खटाटोपात इंजिन सगळ्यात सोपं. पैसे टाकले की चालू इंजिन दारात येतं. गाडी थांबणं, सरळ जाणं आणि थंड राहणं मात्र ज्याचं त्याने जुळवावं लागतं.

आधी कागद

मॉडेल एचा नंबर इंजिनावर ठोकलेला असतो. तोच नंबर चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) डाव्या पट्टीवरही असतो, पण बॉडीखाली झाकलेला. पुष्कळ गाड्यांच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, इंजिनाचाच नंबर चढलेला आहे. तुम्ही जुनं इंजिन विकून मोकळे झालात की गाडीची ओळख त्याच्याबरोबर गेली. म्हणून बॉडी उचलल्यावर पहिल्यांदा चासीवरचा नंबर घासून वाचा, फोटो काढा आणि टायटलशी ताडून पाहा. नंबर जुळत नसेल तर वेल्डिंगची तार विकत घेण्याआधी तो गुंता सोडवा. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत.

भारतात असं काही करायचा बेत असेल तर अडचण मोठी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच बजावलं. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली आलेली व्हिंटेज नोंदणीसुद्धा मूळ रूपात राखलेल्या गाडीसाठी आहे. कापलेली गाडी दोन्हीकडून बाद.

कापण्यापूर्वी

सडलेला पत्रा दिसला की ग्राइंडर चालवायला हात शिवशिवतात. मी फरशी आणि तिच्याखालच्या पट्ट्या एका दमात कापल्या. बॉडी दोन्ही बाजूंना फाकली आणि दार बोटभर अंतरावर अडायला लागलं. हे टाळायला लागतो फक्त चौकोनी नळीचा एक तुकडा. दार बसवलेलं असताना, फट सगळीकडे सारखी करून, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत ती नळी आडवी धरून वेल्डिंगच्या टाक्यांनी जोडून घ्या. मग खुशाल कापा.

चासीचंही तसंच. तिच्या पट्ट्या उघड्या पन्हळीसारख्या असतात. व्ही-एटसाठी आतून पट्टी लावून त्या बंद कराव्या लागतात. एका बाजूने सलग वेल्डिंग ओढत गेलात तर चासी पापडासारखी वाकते. इंच-दीड इंच जोडा, दुसऱ्या टोकाला जा, थंड होऊ द्या, आणि दर वेळी दोन्ही कर्ण मोजा.

ब्रेक

मॉडेल एचे ब्रेक सळयांनी ओढले जातात आणि तिचं इंजिन ४० हॉर्सपॉवरचं. तिथे साधं ३५० शेव्हरोले बसवलं तरी ताकद सहज चौपट होते. तेव्हा हायड्रॉलिक ब्रेक आणि दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) हवाच. पेडल हलकं करणारा बूस्टर नसेल तर पेडलची पट्टी सहास एक या प्रमाणात ठेवा, नाहीतर पाय भरून येतो.

नवशिके अडतात ते पुढे. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडर फरशीखाली जातो, म्हणजे चाकांवरच्या कॅलिपरपेक्षाही (डिस्क दाबून धरणाऱ्या चिमट्यापेक्षाही) खाली. मग ऑइल उलटं उतरतं आणि पेडल पहिल्या दाबाला खोल जातं. त्यासाठी लाइनमध्ये छोटे व्हॉल्व्ह बसवतात: डिस्कला २ पौंड दाबाचा, ड्रमला १० पौंडाचा. बहुतेक वेळा २चा निळा असतो आणि १०चा लाल.

मी लाल पुढे बसवला, डिस्कवर. पाच मैलांत पुढून जळका वास आला आणि रिमला हात लावला तर चटका. शेजारचे आजोबा, ज्यांच्या गॅरेजमध्ये दोन पूर्ण झालेल्या गाड्या आहेत, येऊन बसले आणि म्हणाले, ब्लीडर (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) उघड. उघडला, चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. याचा अर्थ लाइनमध्ये दाब अडकलाय. तेव्हा व्हॉल्व्ह तपासा, आणि पेडलच्या दांड्याला किंचित मोकळीक आहे ना, तेही पाहा. ब्लीडर उघडूनही चाक सुटलं नाही तर कॅलिपरचा पिस्टनच धरलाय.

एक धोका इथेच सांगतो. मॉडेल एची पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या पुढे, जवळजवळ तुमच्या मांडीवर असते. पुष्कळजण ती मागे नेतात, चांगलंच आहे. पण वापरलेल्या टाकीला वेल्डिंग करू नका. कितीही धुतली तरी आत वाफ राहते.

मांडून बघा, मग जोडा

इंजिनाचा रिकामा ब्लॉक आणा, गिअरबॉक्सचं कवच लावा आणि रेडिएटर, स्टेअरिंग, पेडलं सगळं एकदम जागेवर मांडा. वेल्डिंगचे नुसते टाके मारा. शेव्हरोलेचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) मागे असतो, तो थेट फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, भिडतो. इंजिन पुढे सरकवलं की पंखा रेडिएटरला लागतो. मग कळतं की फायरवॉलला खोबण करावी लागणार. पक्कं वेल्डिंग झाल्यावर हे कळणं म्हणजे रडकुंडीला येणं.

कार्बोरेटरबद्दल थोडक्यात: ३५० घनइंच गुणिले ५५०० आरपीएम, भागिले ३४५६. उत्तर येतं ५५७, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा. म्हणजे ६००चा पुरतो. ८५०चा दिसायला झकास, पण सिग्नलवरून निघताना गाडी गचके खाते.

गाडी चालू झाली, आता तक्रारी

रहदारीत तापते पण हायवेवर ठीक? मग हवा कमी पडतेय. पंख्याभोवती श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं कवच) आहे का पाहा, बहुतेकदा जागेअभावी ते वगळलेलं असतं. उलट हायवेवर तापत असेल तर रेडिएटर लहान आहे किंवा चोंदलाय.

५५ मैलांच्या वेगाला थरथर येत असेल तर त्याच वेगात न्यूट्रल करा. थरथर तशीच राहिली तर इंजिन सुटलं, चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) बघा. चाकं बॅलन्स असतील तर शाफ्टच्या दोन्ही जॉइंटचे कोन मोजा. ते सारखे हवेत, साधारण १ ते ३ अंश. मी ते नुसत्या चासीवर जुळवले होते. बॉडी, सीट, बॅटरी चढल्यावर मागचा पाटा (स्प्रिंग) बसला आणि कोन गेले.

दिवे मिणमिणतात, काटे नाचतात? नव्वद टक्के वेळा अर्थिंग (वीज बॅटरीकडे परत नेणारी जोडणी), असं मी छातीवर हात ठेवून म्हणेन. मूळ गाडी ६ व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थची, आपण १२ व्होल्ट निगेटिव्ह करतो आणि रंगवलेल्या पत्र्यावर वायर कसून मोकळे होतो. मल्टिमीटरचं एक टोक इंजिनाच्या ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थचा पट्टा काढा, रंग खरवडा, पुन्हा कसा. फायबरची बॉडी असेल तर प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थ वायर ओढावी लागते.

स्टेअरिंग फिरवताना आधी बॉडी बाजूला सरकते आणि मग चाक वळतं, असं वाटलं तर पुढच्या आडव्या पाट्याला पॅनहार्ड बार (अ‍ॅक्सल आणि चासी आडवी जोडून बाजूची हालचाल रोखणारा दांडा) लावायचा राहिलाय.

पहिल्या ५० मैलांनंतर गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवा आणि एकूण एक बोल्ट पुन्हा कसा. कसलेल्या बोल्टवर पांढऱ्या मार्करने एक रेघ ओढा, डोक्यावरून थेट पट्टीपर्यंत. पुढच्या खेपेला रेघ तुटलेली दिसली की तो हलला. माझ्या गाडीत तसे सात निघाले, त्यातले दोन स्टेअरिंग बॉक्सचे.