कागद उचलण्याचा व्हिडिओ आणि दोन ऑर्डरी

लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरलेल्या ठशाने छापलेलं चित्र, करताना शेवटी एक मजा असते. शाई लावलेल्या ठशावर दाबून बसवलेला कागद एका कोपऱ्याला धरून सावकाश उचलायचा. शाई सुटताना बारीक चरचर होते आणि चित्र उलगडत जातं. हे मी मोबाइलवर टिपून रील म्हणून टाकलं. चार दिवसांत फॉलोअर्स शेकड्यांवरून हजारांत गेले आणि मी मनातल्या मनात नोकरीचा राजीनामा लिहूनही टाकला. त्या महिन्यात ऑर्डरी आल्या दोन. त्यातली एक मावशीची.

पुढचे सहा महिने मी तोच मूर्खपणा नेटाने केला. कागद हळू उचल, वेगळ्या उजेडात उचल, जवळून उचल. चित्र निवडतानासुद्धा ‘छान कोणतं सुटेल’ एवढाच विचार. लोकांना ती चरचर हवी होती आणि ती मी फुकट वाटत होते. मग चित्र कशाला कोण घेईल?

या धंद्यात नव्याने उतरलेल्याला तंत्रज्ञानावर लिहिणारे अमेरिकन लेखक केविन केली यांचा २००८ सालचा ‘हजार सच्चे चाहते’वाला लेख कोणीतरी हमखास पाठवतं. हजार माणसांकडून वर्षाला प्रत्येकी १०० डॉलर, म्हणजे १ लाख डॉलर, हा हिशेब सगळ्यांना पाठ. त्यातल्या अटी मात्र कोणी सांगत नाही: ते १०० डॉलर विक्रीचे नाहीत, नफ्याचे आहेत, आणि चाहत्याशी व्यवहार थेट हवा, मध्ये कोणी नको. माझ्या हजारोंपैकी एकाचाही पत्ता माझ्याकडे नव्हता. ते अ‍ॅपचे होते. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणं सोडलं. त्याच वर्षी वाइन (Vine) हे छोट्या व्हिडिओंचं अ‍ॅप बंद होणार असं जाहीर झालं आणि जानेवारी २०१७ मध्ये ते बंद झालंही. तिथे लाखोंनी प्रेक्षक जमवलेल्यांना दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून मांडामांड करावी लागली.

मग मी ऑर्डरींची वही काढली. तोवर पैसे देऊन चित्र घेतलेली माणसं एकोणीस. प्रत्येकाला वेगळा ईमेल केला, प्रश्न एकच: चित्र कुठे लावलंत? अकरा जणांची उत्तरं आली आणि त्यातल्या सहा जणांनी ते लावलंच नव्हतं. गुंडाळी कपाटात पडून! कारण माझं चित्र कुठल्याच तयार फ्रेममध्ये बसत नव्हतं. मला ठसा कापायला सोपा म्हणून मी ते माप धरलं होतं. हजारो लाइक्समधून हे कधीच कळलं नसतं. मी ए-४ वर आले आणि त्या सहापैकी चौघांनी दुसरं चित्र घेतलं.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी, ज्यांनी स्वतः नाव दिलंय त्यांना, माझं एक पत्र ईमेलने जातं. त्यात एक चित्र, तीसच प्रती, पेन्सिलने क्रमांक घालून; पत्रवाल्यांना ते इतरांपेक्षा दोन दिवस आधी घेता येतं. विचारल्याशिवाय कोणाचा पत्ता यादीत घालत नाही आणि ‘नको असेल तर इथे दाबा’ ही ओळ लपवत नाही. दर पार्सलमध्ये पत्राचं आमंत्रण देणारी चिठ्ठी असते. रीलपेक्षा जास्त नावं तीच आणते. पत्रात काय लिहायचं याचा फार बाऊ करू नका. एकदा मी ठशात अक्षरं सरळच कोरली (ती उलटी कोरावी लागतात) आणि छापल्यावर सगळा मजकूर आरशातला निघाला. ते जसंच्या तसं लिहिलं, तर तिघांनी तीच चुकलेली प्रत मागितली.

रील अजून करते. फक्त कागद उचलून व्हिडिओ संपत नाही. शेवटी चित्र फ्रेममध्ये, भिंतीवर दिसतं. बघणारे कमी झाले, पण माप विचारणारे वाढले. यादी मात्र मुंगीच्या पावलांनी वाढते. गेल्या महिन्यात चार आले, एक गेला. गेलेल्याचं नाव बघून अर्धा दिवस अजूनही वाईट जातो.