माणूस आत्महत्येने गेल्यावर दोषाचं काय करायचं

ज्यांच्या घरात हे नुकतंच घडलंय, त्यांच्यासाठी लिहितेय. सुरुवातीच्या दिवसांत "का?" या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देऊ नका, स्वतःलासुद्धा नाही. घाई झाली की हाताशी सापडेल त्याच्या नावावर बिल फाडलं जातं. आमच्याकडे ते वहिनीच्या नावावर फाडलं गेलं.

माझा धाकटा भाऊ यवतमाळ जिल्ह्यात कापूस-सोयाबीन करायचा. मी अंगणवाडी सेविका आहे, बाईला बोल कसा लागतो ते रोज बघते. तेरवीला आलेल्या बायका वहिनीला विचारत होत्या, "आदल्या रात्री काही बोलली होतीस का गं त्याला?" तिनं बिचारीनं आठवून सांगितलं की हो, पोराच्या फीवरून बोलले होते. तेवढं वाक्य गावभर फिरलं.

म्हणून भेटायला येणाऱ्यांशी बोलायला एक माणूस नेमा. बायको, आई, शेवटी भेटलेला मित्र, यांच्यापैकी कुणी नको, कारण बोटं त्यांच्याकडेच वळतात. आमचे मामा ओसरीवर बसायचे. त्यांचं बोलणं ठरलेलं: "तो आत्महत्येने गेला. का, ते आम्हालाही कळलेलं नाही. आत्ता त्यावर बोलणं नको." कोणी फारच खोदून विचारलं तर तेच पुन्हा. "अटॅक आला" असं सांगू नका. ते खोटं मग वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं आणि मुलांना शाळेत खरं कळतंच.

अशा मृत्यूत पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा, पोस्टमॉर्टेम आणि घरच्यांचे जबाब होतात. हे कायद्याने करावंच लागतं. "कुणावर संशय आहे का?" हा प्रश्नही त्यातलाच, तो तुमच्यावरचा आरोप नाही. पाहिलं-ऐकलं तेवढं सांगा, अंदाज सांगू नका आणि जबाब वाचून दाखवायला लावा. खरोखर कुणाचा जाच असेल, हुंड्यासाठी किंवा सावकाराचा, तर तो मात्र ठामपणे नोंदवा. बेकायदेशीर सावकारीची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, त्यासाठी आपल्याकडे २०१४ चा सावकारी कायदा आहे. पण जाच आणि घरातली बोलाचाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रागाच्या भरात त्या एक करू नका.

शेतकऱ्याचं घर असेल तर सरकारी मदतीचा प्रस्ताव "पात्र" किंवा "अपात्र" ठरतो. अपात्र म्हणजे प्रकरण ठरलेल्या निकषांत बसलं नाही, एवढंच. वहिनीला वाटलं, कर्ज कारण नाही असं सरकारच म्हणतंय, म्हणजे कारण मीच. हा अर्थ कुणी काढण्याआधीच घरात समजावून सांगा.

आता रात्रीचं. दिवसा माणसं असतात, दोष रात्री येतो. त्यासाठी मी वहिनीला अंगणवाडीतली एक कोरी वही दिली आणि पानाच्या मधोमध रेघ ओढायला सांगितली. डावीकडे त्या दिवशी काय ठाऊक होतं, उजवीकडे आज काय ठाऊक आहे. डावीकडे तिनं लिहिलं: "जेवण कमी झालंय. विचारलं तर म्हणाला, ऊन लागलंय. पेरणीचे दिवस, थकला असेल." उजवीकडे: "तो रात्र-रात्र जागा असायचा. डॉक्टरकडे न्यायला पाहिजे होतं." दोन्ही बाजू वाचल्यावर दिसतं की "मला कळायला हवं होतं" हे वाक्य उजवीकडच्या माहितीवर उभं आहे आणि शिक्षा मात्र डावीकडच्या बाईला होतेय. नैराश्यातला माणूस लपवतोही. घरच्यांना घोर नको म्हणून हसूनही दाखवतो. हे काम दिवसा करा, कुणाला तरी शेजारी बसवून, आणि एका वेळी एकच आठवण घ्या.

"मी फीवरून बोलले नसते तर?" हे तिचं सगळ्यात हट्टी वाक्य. मी विचारलं, "याआधी कधी बोलली होतीस?" "दर जूनला," ती म्हणाली. दर जूनला आमच्या गावात घरोघरी हेच बोलणं होतं. देशातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबी या सरकारी संस्थेच्या अहवालानुसार २०२२ मध्ये एकट्या महाराष्ट्रात २२,७४६ माणसं आत्महत्येने गेली, देशात सर्वांत जास्त. इतक्या घरांत इतक्या वाईट बायका नसतात. कर्ज, नापिकी, दारू, दुखणं, झोप उडणं, मनातलं कुणाला न सांगणं, असं पुष्कळ एकावर एक साचतं. शेवटचं भांडण दिसतं, कारण ते शेवटी झालेलं असतं.

चिठ्ठी असेल आणि तिच्यात तुमचं नाव असेल, तर ती एकट्याने पुन्हा पुन्हा वाचू नका. मन सगळीकडून कोंडलेलं असताना ती लिहिलेली असते. त्या कागदात त्याचं सगळं आयुष्य नाही आणि तुमचंही नाही.

त्याच्यावर राग येईल. बरीच वर्षं दारू किंवा आजारपण असेल तर सुटल्यासारखंही वाटेल. दोन्ही येऊ द्या. त्यावरून तुमचं प्रेम कमी होतं असं ठरत नाही.

मुलांना खरं सांगा, थोडक्यात. "बाबांचं मन खूप आजारी होतं, त्यात ते गेले. तू काही केलंस किंवा बोललास म्हणून नाही." दुसरं वाक्य मुलानं विचारलं नाही तरी सांगा. माझा भाचा आदल्या दिवशी खोडरबरासाठी रडला होता आणि तेच मनात धरून बसला होता.

नारायणबळी करा, असं कुणीतरी सांगेलच. मन शांत होत असेल तर करा, पण त्यासाठी कर्ज काढू नका आणि तुमच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून तर मुळीच नको. पितृपक्षात अशा माणसांचं श्राद्ध चतुर्दशीला करतात. वहिनीला ते त्याच्या तिथीलाच हवं होतं. आम्ही तिचं ऐकलं, कारण तिच्या मनासारखं काहीतरी व्हायलाच हवं होतं.

झोप-जेवण सुटून बरेच आठवडे झाले असतील, कामाला हात लागत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना भेटा. आणि "आपणही त्याच्यामागे जावं" असं मनात आलं तर सकाळची वाट बघू नका. मागे राहिलेल्यांच्या मनात हे येतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्या रात्री एकट्याने झोपू नका, घरातल्या कुणाला तरी उठवून सांगा आणि टेलिमानसला १४४१६ वर फोन लावा. ती सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. बोलणं सुचलं नाही तर एवढंच म्हणा: "आमच्या घरात आत्महत्या झाली आहे आणि मला सहन होत नाही." पुढचं ते विचारतील.