राजीनाम्यावर सही करून बसू नका

महापेला एका कंपनीत मी सहा वर्षं क्वालिटीत होतो. २०१९ मध्ये एका शुक्रवारी साडेचारला एचआरने वर बोलावलं. टेबलावर माझ्या नावाचा राजीनामा टाइप करून ठेवलेला, 'वैयक्तिक कारणास्तव'. "सही कर, लेटर चांगलं देतो. नाहीतर टर्मिनेट लिहावं लागेल." मी केली. घणसोलीला घरी पोहोचेपर्यंत ऑफिसचा मेल बंद झाला होता.

त्या सहीने काय गेलं ते नीट समजून घ्या. वर्ष भरलेल्या कामगाराला कंपनीने कमी केलं, तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय भरलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागायचा. माझे ९० दिवस होत होते. स्वतःहून सोडणाऱ्याला यातलं काही नाही. म्हणजे नोटिशीचा महिना धरून चार महिन्यांचा पगार गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तरी हा सापळा तसाच आहे. "घरी वाचून सांगतो" म्हणा आणि उठा. टर्मिनेटच्या धमकीला भिऊ नका. गैरवर्तनाचा ठपका ठेवायचा तर आरोपपत्र द्यावं लागतं, चौकशी करावी लागते.

सही झाली असेल तर त्याच रात्री स्वतःच्या मेलवरून कळवा: दबावाखाली सही घेतली, राजीनामा मागे घेतो. मी नऊ दिवस घालवले, कारण आमचे मॅनेजर "मी वर बोलतो" म्हणत होते. साहेब कितीही मायाळू असोत, त्यांचाही पगार तिथूनच होतो. त्यांच्या भरवशावर राहू नका. व्हॉट्सॲपवरची तयार नोटीसही नको. मला वाट दाखवली ती शेजारच्या कारखान्यातल्या युनियनच्या काकांनी: ठाण्याला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात साधा मराठी अर्ज, सोबत नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा.

"तू एक्झिक्युटिव्ह, कामगार नाहीस" असं म्हणतील. हुद्दा नाही, प्रत्यक्ष काम बघतात. मी दिवसभर व्हर्नियर घेऊन मापं घेत होतो. हाताखाली खरोखर माणसं असतील तर मात्र अवघड जातं.

सगळंच जात नाही, धीर धरा. पाच वर्षं भरली असतील तर राजीनाम्यानंतरही ग्रॅच्युइटी मिळते, ३० दिवसांत. आणि शेवटचा पगार आता कामाच्या दोन दिवसांत द्यायचा आहे, "४५ दिवसांनी फुल अँड फायनल" ऐकून घेऊ नका.

माझी ग्रॅच्युइटी आली. भरपाईसाठी कामगार खात्याच्या समेट (तडजोड) अधिकाऱ्यांपुढे पाच तारखा झाल्या, शेवटी दीड महिन्याच्या पगारावर मिटवलं.