जुन्या शिक्षेचं कलम खाली आणायचंय? अपिलाआधीची तयारी

वकिलाकडे जाण्याआधी एका कागदावर एवढंच लिहा: या शिक्षेमुळे माझं नेमकं काय अडलंय? नोकरी, पासपोर्ट, शस्त्र परवाना, निवडणूक, की नुसती मनाची टोचणी? "साहेब, तेवढं नाव काढून टाका," असं म्हणत पक्षकार येतात, पण प्रौढ माणसाची शिक्षा पाटीवरच्या अक्षरासारखी पुसून टाकण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. अपिलात कलम खाली येऊ शकतं, म्हणजे कमी गंभीर गुन्ह्याचं कलम लागू शकतं, तडजोड होऊ शकते, कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका होऊ शकते किंवा कैदेची मुदत कमी होऊ शकते. यातलं काय मागायचं, ते काय अडलंय त्यावर ठरतं. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली, तर पुढची पाच वर्षं पासपोर्ट नाकारता येतो. आमदार-खासदारकीच्या अपात्रतेतही सर्वसाधारण आकडा दोन वर्षांचाच आहे. अशा माणसाला दोन वर्षांचे वीस महिने झाले तरी मोठा फरक पडतो. बँकेच्या नोकरीसाठी धडपडणाऱ्याला मात्र त्याचा काही उपयोग नाही, कारण तिथे शिक्षा किती झाली यापेक्षा गुन्हा कसला होता हे बघतात.

मग कागद जमवा. केस नंबर लक्षात नसेल तर पोलीस ठाणं, गुन्हा नंबर आणि साल एवढ्यावरूनही शोध लागतो. ई-कोर्ट्सवर नाव टाकून बघा, नाही सापडलं तर सरळ कोर्टात जाऊन चौकशी करा. निकालाची नुसती झेरॉक्स चालत नाही, सही-शिक्क्याची नक्कल लागते. कैदेची शिक्षा सुनावताना आरोपीला निकालाची एक प्रत मोफत द्यावी लागते, ती घरात कुठे पडली आहे का तेही बघा. आणि निकालावर थांबू नका. फिर्याद, पंचनामे, वैद्यकीय प्रमाणपत्र, साक्षीदारांच्या सरतपास-उलटतपासाच्या नोंदी, रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद), सगळ्याच्या नकला मागा. शिक्षा कमी होते ती या कागदांतल्या एखाद्या ओळीवर. तुमच्या पश्चात्तापावर नाही. नकलेवर अर्ज दिल्याची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख असते. ते पान फाटू देऊ नका, कारण नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात.

मुदत अशी: मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन्स कोर्टात अपील 30 दिवसांत, सेशन्सच्या निकालावर हायकोर्टात 60 दिवसांत, रिव्हिजन, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज, 90 दिवसांत. शिक्षा जुनी असेल तर ही मुदत केव्हाच गेलेली असते, म्हणून अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. "गरिबी व अज्ञानामुळे उशीर झाला" हे छापील वाक्य त्यात एकटं टाकू नका. मुदत संपल्यापासून आजवर काय काय झालं ते तारखांनिशी लिहा आणि दवाखान्याची कागदपत्रं, स्थलांतराचा पुरावा, घरातल्या मृत्यूचा दाखला, जे खरं असेल ते जोडा. सगळं खापर आधीच्या वकिलावर फोडायचा मोह होतो. न्यायाधीश हे वाक्य रोज वाचतात.

एक गोष्ट आधीच तपासा: त्या वेळी तुम्ही गुन्हा कबूल केला होता का? "कबूल करा, दंड भरा, तारखा संपतील," असा सल्ला मिळून पुष्कळ जण मोकळे झालेले असतात, आणि ती शिक्षाच नव्हे असं त्यांना वाटत राहतं. ती शिक्षाच असते. कबुलीवर झालेल्या शिक्षेत अपील करता येतं ते फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यापुरतं. दोषी ठरवण्यावर भांडता येत नाही.

आता मुख्य भाग. बांधावरच्या भांडणाची जुनी केस घ्या. 1 जुलै 2024 ला नवा कायदा आला, त्याआधीची घटना असल्याने तिला जुनं भारतीय दंड विधान लागू. कलम 326, म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत. कमाल शिक्षा जन्मठेप. मॅजिस्ट्रेटने प्रत्यक्षात वर्षभराचीच कैद दिलेली असते, त्यामुळे घरच्यांना कलमाचं महत्त्व कळत नाही. पण ज्या गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकते, त्यात 1958 च्या परिविक्षा कायद्याचं कलम 4, म्हणजे बंधपत्रावर सुटकेची सोय, लागू होत नाही, आणि कलम 326 तडजोडीच्या यादीतही नाही. तेच कलम 325 वर, म्हणजे हत्याराविना गंभीर दुखापतीवर आलं, तर कमाल शिक्षा सात वर्षं होते, कोर्टाच्या परवानगीने तडजोड करता येते आणि परिविक्षाही मागता येते. म्हणून मी अपिलाच्या मागणीत निर्दोष मुक्तता वर आणि कलम खाली आणण्याची पर्यायी मागणी तिच्या खालोखाल लिहायला सांगतो. पक्षकाराला ही दुसरी मागणी कमीपणाची वाटते. पण बऱ्याच अपिलांत हाती लागते ती हीच.

ती मिळवायची तर दोन गोष्टी भिंग लावून वाचा. पहिली, जखम. डॉक्टरांनी प्रमाणपत्रात "गंभीर" लिहिलं म्हणजे ती कायद्याने गंभीर ठरतेच असं नाही. हाड मोडलं असेल तर एक्स-रे प्लेटला निशाणी (पुराव्याचा नंबर) पडली आहे का, प्लेट बघून अहवाल देणारा डॉक्टर साक्षीला आला होता का? हाड मोडलं नसेल, तर जखमी वीस दिवस तीव्र वेदनेत होता किंवा त्याला नेहमीचं काम करता येत नव्हतं, याचा पुरावा कुठे आहे? सातव्या दिवशी डिस्चार्ज आणि पुढचा एकही कागद नाही, अशी प्रकरणं पुष्कळ असतात. दुसरी गोष्ट, हत्यार. फिर्यादीत "कुऱ्हाडीच्या तुंब्याने मारले" आणि कोर्टातल्या साक्षीत "कुऱ्हाडीने मारले" असेल, तर तुंबा (बोथट बाजू) आणि पातं यांतला हा फरक अपिलात कामाला येतो. जप्ती पंचनाम्यात काय लिहिलंय, पंच फितूर झाले होते का, तेही बघा.

इथे कायद्यातली एक गंमत आहे, वकिलांनाही ती खटकते. हत्याराने साधी दुखापत, म्हणजे कलम 324, हे 325 पेक्षा सौम्य. कमाल शिक्षा तीन वर्षं. पण ते तडजोडीच्या यादीतून काढलेलं आहे. म्हणजे हत्याराविना हाड मोडलं तर तडजोड होते, हत्याराच्या साध्या जखमेत होत नाही. 324 वर उतरलात तर परिविक्षा मागा. तडजोडीसाठी हायकोर्टाचा रस्ता आहे: शिक्षा झाल्यावरही दोन्ही पक्षांत समेट झाला, तर योग्य प्रकरणात हायकोर्ट कार्यवाही रद्द करू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने 2021 च्या रामगोपाल निकालात सांगितलं आहे.

तडजोडीची तयारी कोर्टाबाहेर होते आणि तिला वेळ लागतो. फिर्यादीकडे स्वतः जाऊ नका, चार पोरं घेऊन तर मुळीच नाही. ते दबाव टाकणं ठरेल आणि नवा गुन्हा अंगावर येईल. दोन्ही वकिलांमार्फत किंवा दोघांनाही मान्य असलेल्या वडीलधाऱ्यांमार्फत निरोप द्या. फिर्यादी वेगळा आणि जखमी वेगळा असेल तर सही जखमी माणसाची लागते, आणि जखमी असतील तेवढ्या सगळ्यांची. जखमी वारला असेल तर कोर्टाच्या संमतीने त्याचे कायदेशीर वारस तडजोड करू शकतात. भरपाई ठरली तर ती बँकेतून किंवा कोर्टात भरून द्या. पुरशिस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, दोघांच्या सहीची, आणि त्या दिवशी दोघंही आधार कार्डासह हजर. तडजोड मंजूर झाली की तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो, म्हणून सगळ्यांत आधी याच वाटेचा विचार करा.

परिविक्षेचं तसं नाही. तिच्यात दोष कायम राहतो, कैद टळते. बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं. परिविक्षा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही, पण खात्याने कारवाई करायची ठरवली तर हे कलम आड येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1990 मध्येच म्हटलंय. सरकारी नोकराने हे आधीच समजून घ्यावं. परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला गेला तर तो अधिकारी घरी येतो, शेजारी विचारतो, कामाच्या ठिकाणी जातो. घरच्यांना आधी सांगून ठेवा. बायकोला केसच माहीत नाही असंही होतं. कामाचा दाखला, रहिवासी दाखला, नंतर दुसरा गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला, अवलंबून असलेल्यांचे कागद आणि जामीनदाराचा सातबारा तयार हवा. लाचेच्या प्रकरणात ही वाट नाही. अमली पदार्थांच्या बाबतीतही जवळपास बंदच.

वयाचा पुरावा काढाच. मॅजिस्ट्रेटच्या निकालाच्या दिवशी वय 21 च्या आत असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर कैद का दिली याची कारणं कोर्टाने लिहायला हवी होती. घटनेच्या दिवशी 18 पूर्ण नसतील, तर प्रकरणच बदलतं: बाल न्याय कायद्याखाली हा मुद्दा कधीही, अंतिम निकालानंतरही काढता येतो. त्यासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी बघतात, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला. गुरुजींनी अर्ध्या वर्गाची जन्मतारीख 1 जून लिहिलेली असते, हे न्यायाधीशांनाही ठाऊक असतं. म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरचा उताराही काढून ठेवा.

कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, तुरुंगाचा दाखला घ्या. दंडाच्या पावत्या जोडा.

अपील दाखल करताना शिक्षेला स्थगिती मागतातच. पण त्याने तुम्ही दोषी नाही असं होत नाही. दोषसिद्धीला स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती क्वचित मिळते. 2023 मध्ये राहुल गांधींच्या शिक्षेला सुरतच्या सेशन्स कोर्टाने स्थगिती दिली, पण दोषसिद्धीला स्थगिती मिळेपर्यंत प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. खासदारकी परत मिळाली ती त्यानंतर. दरम्यान नोकरीचा किंवा पडताळणीचा फॉर्म आला तर "शिक्षा झाली आहे, अपील प्रलंबित" असंच भरा. किरकोळ गुन्हा एखादा अधिकारी समजून घेईल, पण लपवलेला गुन्हा सापडला की नोकरी जाण्याची शक्यता फार मोठी.

अनुकूल आदेश झाला की त्याच्या निदान तीन सही-शिक्क्याच्या नकला घ्या. एक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या आणि तिथली संगणकावरची नोंद दुरुस्त झाली का ते महिन्याभराने जाऊन बघा, दुसरी ज्या कार्यालयात काम अडलं होतं तिथे द्या, तिसरी घरात ठेवा. परिविक्षा मिळाली असेल तर बंधपत्र कधी संपतं ती तारीख त्या घरातल्या नकलेवरच लिहून ठेवा.